पाण्यातली भूल

तळ्यात बोटुकली सोडली त्या दिवशी मेलेली पिल्ले प्रत्येक जण मोजतो. चौथ्या-पाचव्या दिवशी काठाला लागलेल्या पिल्लांचे खापर मात्र पाण्यावर, खाद्यावर, नाहीतर बीज विकणाऱ्यावर फुटते. बरेचदा त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो. जाळे ओढताना, घमेल्यात उचलताना, मोजताना, पिशवीत कोंडून गाडीत हादरे खाताना त्या पिल्लांवर जो ताण येतो तो डोळ्यांना दिसत नाही. मासा ओरडत नाही. त्याचे दुखणे बाहेर पडते ते काही दिवसांनी, बुरशीच्या आणि जखमांच्या रूपाने. मत्स्यपालनात भुलीच्या औषधांचा विचार सुरू होतो तो या उशिरा दिसणाऱ्या नुकसानीपासून.

माशाला भूल देतात हे अनेकांना नवीन वाटते. पण जिथे मत्स्यपालन सर्वांत काटेकोरपणे चालते तिथे ती रोजची बाब आहे. नॉर्वेत सॅल्मनचे पिल्लू समुद्रातल्या पिंजऱ्यात जाण्याआधी त्याच्या पोटात लस टोचतात, आणि टोचण्याआधी त्याला भुलीच्या पाण्यात ठेवतात. १९८७ च्या सुमारास तिथल्या मत्स्यपालनात वर्षाला जवळजवळ ५० टन प्रतिजैविके खर्ची पडत. तेलयुक्त लसी आल्या आणि तो आकडा झपाट्याने घसरला. उत्पादन कितीतरी पटींनी वाढूनही अलीकडच्या वर्षांत तो एका टनाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राहिला आहे. श्रेय लशीचेच आहे. पण तडफडणाऱ्या कोट्यवधी पिल्लांना एकेक करून सुई टोचणे भुलीशिवाय जमले नसते. पुढे पिंजऱ्यातही तिची गरज पडते. सॅल्मनच्या कातडीवर समुद्री ऊ नावाचा परजीवी चिकटतो. पाणी फार थंड नसेल तर दर आठवड्याला काही मासे बाहेर काढून, भूल देऊन, त्यांच्या अंगावरच्या उवा मोजायच्या असा तिथे कायदा आहे. माशामागे सरासरी अर्ध्याहून जास्त प्रौढ माद्या सापडल्या तर उपाययोजना करणे भाग पडते.

आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः दोन वेळा उभा राहतो: प्रजनक माशांना संप्रेरकाची सुई देताना आणि बीज एका जागेहून दुसरीकडे नेताना. सुईची गोष्ट १९५७ पासूनची. त्या वर्षी १० जुलैला ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. या पद्धतीत मादीला साधारण सहा तासांच्या अंतराने दोन सुया द्याव्या लागतात. म्हणजे अंड्यांनी भरलेली पाच-सहा किलोची कटल्याची मादी एकाच रात्रीत दोनदा धरायची, दोनदा पाण्याबाहेर काढायची. कटला अंगाने रुंद, डोक्याने जड आणि हाताळणीला रोहू-मृगळपेक्षा नाजूक. ती उसळली की हातातून निसटते, काठावर आपटते, खवले उडतात. ओल्या फडक्यात गुंडाळून, डोळे झाकून तिला शांत ठेवण्याची रीत आपल्या बीजकेंद्रांवर चालत आली आहे, आणि ती चांगली रीत आहे. तरीही त्या वेळी माशाच्या शरीरात काय चालू असते हे पाहिल्याशिवाय भुलीचे खरे मोल कळणार नाही.

माशाला जाळ्यात घेतल्यानंतर काही सेकंदांतच त्याच्या रक्तात ॲड्रेनॅलिन मिसळते. कल्ल्यांतल्या रक्तवाहिन्या पसरतात, जास्त रक्त तिथून वाहू लागते, प्राणवायू जास्त मिळतो. पळ काढण्यासाठी हे सोयीचेच. पण गोड्या पाण्यातल्या माशाला याची किंमत मोजावी लागते. त्याचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपत असते आणि क्षार बाहेर जात असतात. कल्ले जितके उघडे तितकी ही गळती मोठी. घाबरलेला मासा अक्षरशः आपले मीठ गमावत असतो. वाहतुकीच्या पाण्यात थोडे साधे मीठ टाकण्याची जुनी युक्ती नेमकी इथे उपयोगी पडते: आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातला फरक कमी होतो आणि गळती मंदावते.

काही मिनिटांनी दुसरी लाट येते. मेंदूकडून पियुषिकेला, पियुषिकेकडून मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकातल्या विशिष्ट पेशींना निरोप जातो आणि त्या कॉर्टिसॉल सोडू लागतात. माशाला माणसासारखी वेगळी अधिवृक्क ग्रंथी नसते. हे काम मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातच होते. सॅल्मन-ट्राउटच्या कुळात निवांत माशाच्या रक्तात मिलीलिटरमागे साधारण ५ नॅनोग्रॅमपर्यंत कॉर्टिसॉल असते. जाळ्यातून उचलल्यावर ते ४० ते २०० पर्यंत चढते आणि उतरायला तासन् तास लागतात. एकदा चढून उतरले तर मासा सावरतो. पण गर्दी, खराब पाणी, रोजची छेडछाड यांमुळे हे प्रमाण दिवसचे दिवस १० च्या आसपास जरी राहिले, तरी रोगप्रतिकारशक्ती खचू लागते. पांढऱ्या रक्तपेशी कमी होतात, वाढ खुंटते, अंडी नीट पिकत नाहीत. त्यात हाताळताना अंगावरचा बुळबुळीत थर निघालेला असला की सॅप्रोलेग्निया बुरशी आणि एरोमोनास जिवाणू यांना दार उघडेच मिळते. चौथ्या दिवशी काठाला लागलेले पिल्लू ते हेच.

ताणाखेरीज वेदनेचाही प्रश्न आहे. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष आणि सौम्य ॲसिटिक आम्ल टोचून पाहिले. ते मासे तळाशी डोलत राहिले, आम्ल टोचलेले मासे ओठ खडीवर घासू लागले, आणि सगळ्यांनीच खाण्याकडे बराच वेळ पाठ फिरवली. मॉर्फिन दिल्यावर हे वागणे बरेच कमी झाले. माशाला वेदना नेमकी कशी जाणवते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. शेकडो माशांना सुई टोचणाऱ्याने मात्र तो वाद मिटण्याची वाट पाहू नये असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष भूल कशी देतात ते पाहू. माशाला औषध पाण्यातून मिळते. ते कल्ल्यांतून रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूत. बाहेर पडण्याचा मुख्य रस्ताही तोच. समजा, बीजकेंद्रावर पन्नास लिटरचा टब आहे. पाणी त्याच तळ्यातले, म्हणजे तापमान तेच. हवा सोडणारा पंप चालू. भुलीसाठी वापरायचे लवंग तेल थंड पाण्यात विरघळत नाही, वर तवंग धरते. म्हणून ते आधी नऊ पट अल्कोहोलमध्ये मिसळून ठेवलेले असते. या मिश्रणाचे २० मिलीलिटर टबात घातले की पाण्यात लिटरमागे सुमारे ४० मिलिग्रॅम तेल होते. मादीला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेले असते, नाहीतर ती ओकते आणि ती घाण कल्ल्यांत अडकते. तिला टबात सोडले की पहिली काही सेकंदे ती जोरात फिरते, कडेला धडका देते. ही अवस्था लवकर सरली पाहिजे. मग शेपटीचे फटके संथ होतात. ती एका कुशीवर कलते, सावरते, पुन्हा कलते, आणि नंतर सावरत नाही. शेपटीच्या मुळाशी चिमटा काढला तरी ती हलत नाही, पण कल्ल्यांची झाकणे मात्र संथपणे, एका लयीत उघडमिट करत राहतात. सुई द्यायची ती या घडीला. झाकणांची लय तुटू लागली तर क्षणभरही थांबू नये. तिला ताज्या पाण्यात न्यावे, तोंड पुढे करून हळूहळू पुढे सरकवावे, म्हणजे पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांवरून बाहेर जाईल. काही जण घाईत माशाला मागेपुढे ओढतात. मागे ओढताना कल्ल्यांवरून पाणी उलटे वाहते आणि फायदा तर होत नाहीच, नाजूक पडद्यांना इजा होते. चांगल्या भुलीचे जगभर मानले जाणारे माप असे: तीन मिनिटांच्या आत मासा गुंगीत जावा आणि स्वच्छ पाण्यात पाच मिनिटांच्या आत सावरावा.

लवंग तेल आपल्या घरात दाढदुखीसाठी असतेच. त्यातले युजेनॉल, साधारण ७० ते ९० टक्के, दाढेच्या मज्जातंतूला जसे बधिर करते तसे माशाच्या मज्जासंस्थेवरही काम करते. स्वस्त, सहज मिळणारे, हाताळणाऱ्याला फारसे धोक्याचे नाही. त्याचा मोठा दोष असा की बाजारातल्या प्रत्येक बाटलीत युजेनॉल सारखे नसते. कळीचे तेल वेगळे, पानाचे वेगळे, भेसळीचे तर विचारूच नये. दुसरा दोष, ते चरबीत साठते, म्हणून मोठा चरबीदार मासा उशिरा जागा होतो. युरोप-अमेरिकेत सर्वांत रुळलेले औषध वेगळे आहे: ट्रायकेन, म्हणजे एमएस-२२२. कोकेनला पर्याय शोधताना निघालेल्या बेंझोकेनचे हे पाण्यात विरघळणारे भावंड. ते मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग बंद करते. पण त्याचे द्रावण आम्लधर्मी असते. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरीचे जड पाणी हे आम्ल बरेचसे पचवते. कोकणात जांभ्या दगडाच्या भागातले मृदू पाणी ते पचवू शकत नाही, आणि माशाचे कल्ले व डोळे चुरचुरतात. म्हणून ट्रायकेनमध्ये निदान तेवढ्याच वजनाचा खाण्याचा सोडा मिसळतात. हा सोडा न मिसळता केलेल्या भुलीत मासा निपचित पडतो खरा, पण पडण्याआधी त्याच्यावर जे गुदरते ते टाळता येण्यासारखे असते.

या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. हलत नाही म्हणजे मासा ताणमुक्त आहे असे बहुतेक लोक धरून चालतात. प्रयोगशाळेतले पुरावे त्याला साथ देत नाहीत. ट्रायकेनच्या नुसत्या स्नानाने, हाताळणी न करताही, अनेक जातींच्या माशांत कॉर्टिसॉल चढते. लवंग तेलात ही वाढ पुष्कळ प्रयोगांत कमी दिसली आहे, पण मात्रा कमी पडली आणि मासा अर्धवट गुंगीत रेंगाळला तर तो फायदाही उरत नाही. भीतीने मात्रा कमी ठेवणारा माणूस माशावर दया करत नसतो. तो त्याची धडपडीची अवस्था लांबवत असतो.

माशांनाच विचारायचे ठरवले तर? २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी झेब्राफिशला पाण्याचे दोन प्रवाह दिले, एकात अगदी थोडे भुलीचे औषध, दुसऱ्यात साधे पाणी. बहुतेक औषधांच्या प्रवाहापासून मासे दूर सरकले, आणि त्या औषधांत ट्रायकेन व बेंझोकेन होते. एटोमिडेट या औषधाला मात्र ते टाळत नव्हते. पुढच्या वर्षी कॅनडातल्या दुसऱ्या एका गटाने पाहिले की आवडत्या कप्प्यात एकदा ट्रायकेनची भूल दिल्यावर बरेच मासे त्या कप्प्यात परत जायला तयार नव्हते. लवंग तेल आणि मेटोमिडेट हे भुलीचे आणखी एक औषध यांच्या बाबतीत हा नकार कमी होता. झेब्राफिशचे निष्कर्ष रोहूला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण जागतिक मान्यता मिळालेले औषधच माशाला नकोसे असावे, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

मेटोमिडेटची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. या औषधाने भूल दिलेल्या माशांत कॉर्टिसॉल चढतच नाही. आकडे पाहून कुणीही म्हणेल, ताणावरचा रामबाण सापडला. प्रत्यक्षात हे औषध कॉर्टिसॉल तयार करणारे एक विकरच बंद पाडते. मेंदूचे निरोप येतच राहतात, उलट कॉर्टिसॉल वाढत नसल्याने ते अधिक जोराने येतात. त्या निरोपांबरोबर कातडीचा रंग बदलणारे संप्रेरकही सुटते आणि मासा काळपट पडतो. म्हणजे रक्ततपासणी सांगते सगळे ठीक आहे, आणि कातडी वेगळेच काही दाखवते. कॉर्टिसॉल नुसता शत्रू नाही. साखर पुरवणे, क्षारांचा तोल सांभाळणे ही त्याचीच कामे. त्याला दडपून ठेवण्याची किंमत माणसांच्या वैद्यकात एकदा चुकवावी लागली आहे. मेटोमिडेटचे सख्खे भावंड एटोमिडेट अतिदक्षता विभागात अपघातग्रस्तांना दिवसेंदिवस सलाइनमधून दिले जाई. १९८३ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते; कारण त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी गप्प झाल्या होत्या. त्यानंतर तो वापर थांबला. माशांवरच्या संशोधनात एकट्या कॉर्टिसॉलच्या आकड्यावर निवाडा करू नये, रक्तातली साखर, लॅक्टेट, क्षार आणि पुढच्या आठवड्यातली मरतूक एकत्र पाहावी, असा आग्रह धरला जातो तो म्हणूनच.

वाहतुकीतली भूल हा वेगळाच प्रकार. तिथे मासा झोपवायचा नसतो, फक्त मंद करायचा असतो. लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम लवंग तेल एवढ्यावर मासा तोल सांभाळून पोहत राहतो, पण प्राणवायू कमी घेतो आणि अमोनिया कमी टाकतो. मात्रा थोडी चढली की तो तळाला बसतो. एकावर एक थर साचतात, खालच्यांना पाणी मिळत नाही, आणि पिशवीत प्राणवायू भरपूर असतानाही पिल्ले गुदमरून मरतात. एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश प्राणवायू भरलेल्या पिशवीत आणखी एक गोष्ट घडते. पिल्लांच्या श्वासाचा कर्बवायू साठतो आणि पाणी आम्लधर्मी होते. त्या आम्लामुळे साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. तळ्यावर पोचून पिशवी उघडली की कर्बवायू निसटतो, पाण्याचा सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, मग उघडून तळ्याचे पाणी आत घालत पिल्ले लवकर सोडावीत. उघडी पिशवी उन्हात ठेवून गप्पा मारत बसणे हे कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

मासा शेवटी ताटात येतो, म्हणून अवशेषांचा विचार आलाच. अमेरिकेत ट्रायकेन दिलेला मासा २१ दिवस खाण्यासाठी काढता येत नाही. लवंग तेलाला तिथे खाण्याच्या माशांसाठी सरसकट परवानगी नाही, कारण त्यातल्या मिथाइलयुजेनॉलसारख्या घटकांबद्दल कर्करोगाची शंका आहे. उलट न्यूझीलंडमध्ये तयार झालेले आयसोयुजेनॉलचे औषध तिथे एक दिवसही न थांबता वापरता येते. एकाच कुळातल्या रसायनांबद्दल दोन देशांचे इतके वेगळे नियम आहेत. माझ्या मते प्रजनक मासे आणि बोटुकली यांच्यापुरता लवंग तेलाचा वापर समंजस आहे, कारण ते लगेच बाजारात जात नाहीत. विक्रीच्या आदल्या दिवशी मासे शांत करण्यासाठी ते वापरणे मात्र गैर आहे. आणि कर्बवायूच्या पाण्यात मासे बुडवून गुंगवण्याची जी पद्धत सॅल्मनच्या कत्तलखान्यांत होती ती नॉर्वेने बंद केली, कारण त्या पाण्यात मासे जिवाच्या आकांताने तडफडत. स्वस्त होती एवढ्यावर ती आपल्याकडे आणू नये.

भुलीहून मोठा फायदा पुष्कळदा हाताळणीच कमी करण्यात असतो. पियुषिकेच्या अर्काऐवजी तयार संप्रेरकाची एकच सुई आली तेव्हा मादीला दुसऱ्यांदा धरण्याचा प्रसंगच टळला. हा ताण कोणत्याही भुलीने इतका कमी झाला नसता. पहाटेच्या गारव्यात जाळे ओढणे, आदल्या दिवशी हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात) उपाशी ठेवणे, कोरड्या हाताने मासा न धरणे, हवेत तीस सेकंदांहून जास्त न ठेवणे, पाण्यात मीठ घालणे, यांना खर्च जवळजवळ नाही. हे सगळे करूनही ज्या माशाला सुई, टाका किंवा खूणचिठ्ठी लावायची आहे त्याला भूल द्यावी, आणि पुरेशी द्यावी.

मत्स्यव्यवसाय विभागाला आणि मत्स्य महाविद्यालयांना एक विनंती आहे. प्रत्येक बीजकेंद्राच्या भिंतीवर मराठीत एक तक्ता लावावा: कोणत्या जातीला, किती वजनाला, किती तापमानाच्या पाण्यात किती मात्रा, कल्ल्यांची झाकणे कशी पाहायची, सावरायला किती वेळ द्यायचा आणि त्यानंतर किती दिवस तो मासा विकायचा नाही. हा तक्ता सुई देणाऱ्या आणि जाळे ओढणाऱ्या मजुराला वाचता आला पाहिजे, कारण टबाजवळ उभा असतो तो तोच.